सिस्टरची फोर-व्हील

माझ्या आत्याला आमच्या घरात सगळे ‘सिस्टर’ म्हणत. सगळे म्हणजे अगदी सगळे. माझे वडील तिचे सख्खे धाकटे भाऊ, तेही सिस्टरच म्हणत. ज्यांनी तिचं नाव ठेवलं ते आजोबासुद्धा ओट्यावर बसून आत आवाज द्यायचे, “सिस्टर, पाणी आण गं जरा.” पोटच्या लेकीला सिस्टर म्हणणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. ती पिंपळनेरच्या पलीकडे, डोंगरातल्या पाड्यांवर नर्स होती. आमच्या भावकीत नोकरी लागलेली ती पहिली बाई. आजोबांना तो शब्द उच्चारताना इतकं बरं वाटायचं, की हळूहळू तोच तिचं नाव झाला. तिचं खरं नाव यशोदा आहे हे मला बरंच उशिरा कळलं, आणि कळल्यावर ते कुणा दुसऱ्याच बाईचं असल्यासारखं वाटलं.

सिस्टरच्या घरात वस्तू ठेवलेल्या नसत, तयार असत. उशाशी बॅटरी, तिच्यात नवे सेल. चपला दाराकडे तोंड करून. खुंटीवर एक पिशवी, तिच्यात सूतळीपासून साबणापर्यंत काय वाटेल ते. मी दहावीच्या परीक्षेला पिंपळनेरला तिच्याकडे राहिले होते, तेव्हा रोज निघताना ती माझ्याकडून प्रत्येक पेन कागदावर गिरवून घ्यायची. मी कंटाळून म्हणायचे, “अगं, कालच चालत होता ना!” त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असे, “वेळेवर शोधायला लागू नये.” हे वाक्य ती काड्यापेटीबद्दल म्हणायची, मिठाबद्दल म्हणायची आणि माणसांबद्दलही म्हणायची. तिने लग्न केलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलं तर मात्र हे वाक्य ती म्हणत नसे, नुसती हसायची.

ती निवृत्त झाली तेव्हा आम्हाला वाटलं, आता धुळ्यात किंवा आमच्या पारोळ्याला छोटं घर घेईल. एके दिवशी दुपारी आमच्या गल्लीत एक भली मोठी पिकअप शिरली. पुढे दोन ओळींत बसायची केबिन, मागे उघडा हौदा, आणि उंची इतकी की शेजारच्या खिडकीतून आतलं स्वयंपाकघर दिसावं. कुणाचा माल आला म्हणून वडील बाहेर गेले. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, आधी पर्स बाहेर आली, मग चप्पल, मग सिस्टर.

“हे काय, सिस्टर?” वडिलांनी विचारलं.

“गाडी.”

“कुणाची?”

“माझी. धुळ्याच्या एका ठेकेदाराकडून घेतली. फोर-व्हील शे.” आनंद झाला की तिच्या तोंडून ‘आहे’च्या जागी ‘शे’ यायचं. “चारी चाकं ओढतात. चिखल असो, नाला असो, अडत नाही.”

गाडी चालवायला ती त्याआधीच गुपचूप शिकली होती. क्लासमध्ये सगळी कॉलेजची पोरं, आणि त्यांच्यात ही नऊवारीच्या वयाची बाई सहावारी खोचून. शिकवणारा पोरांवर ओरडायचा, तिच्यावर ओरडायची त्याची हिंमत झाली नाही. कारण पहिल्याच दिवशी तिने त्याच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाली, “रक्त कमी आहे तुझ्यात. आधी ते बघ.”

गाडीत साध्या गिअरशेजारी आणखी एक आखूड दांडा होता. तो एका जागी ठेवला की मागचीच दोन चाकं गाडी ओढणार, पुढच्या जागी ढकलला की चारी. सिस्टरने घेतल्या दिवशी तो चारवर टाकला आणि तिथून हलवलाच नाही. साक्रीचा डांबरी रस्ता असो, धुळ्याचा हायवे असो, आमची फरशीची गल्ली असो, गाडी आपली चारवरच. सरळ जाताना काही कळायचं नाही. पण वळायचं म्हटलं की गाडी अंगात आल्यासारखी करायची. स्टिअरिंग जड व्हायचं, चाकं रस्त्यावर घासून किंचाळायची, आणि मागून कुणी पदर धरून ओढावा तशी गाडी अडखळत, गचके देत पुढे सरकायची. पाड्यावरच्या जमनाबाय नावाच्या म्हाताऱ्या सुईणीला ती एकदा बाजाराला घेऊन गेली, तर पिंपळनेरच्या चौकात म्हातारीने डॅशबोर्ड दोन्ही हातांनी घट्ट धरला. “माय वं! सिस्टर, गाडी बठ्ठी हाली ऱ्हायनी!”

“हालू दे. चालू असलेली बरी,” सिस्टर म्हणाली.

धुळ्याचे सलीम मिस्तरी तिची गाडी बघायचे. त्यांनी तिला किती वेळा सांगितलं असेल. “सिस्टर, सुक्या रोडवर दोन, चिखलात चार. माझं ऐका. गाडी आतल्या आत स्वतःशीच भांडते.” सिस्टर मान डोलवायची, त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करायची, आणि चारवरच घरी यायची.

शेवटी हा खटला माझ्या वडिलांकडे आला. ते शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरातल्या कुठल्याही प्रश्नाचा प्रयोग केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. उन्हाळ्याची सुट्टी होती. त्यांनी अंगणातली बाज मधोमध ओढली. पुढच्या दोन पायांना सिस्टर आणि मी, मागच्या दोन पायांना आई आणि ते स्वतः. “उचला. आता तुळशीला वळसा घालून यायचं. अट एकच. सगळ्यांनी सारखीच पावलं टाकायची. मी म्हणेन तेव्हा एक.”

आमच्याकडे तुळस नव्हती, सदाफुलीची कुंडी होती, पण शाळेत सांगून सांगून त्यांच्या तोंडात ती बसली होती. सरळ गेलो तोवर ठीक. वळायला लागलो आणि बाज तिरकी झाली. मी बाहेरच्या बाजूला होते, माझे हात ताणले गेले. आई बाजेबरोबर तिरकी ढकलली जात होती. “अहो, माझा पाय!” ती ओरडली, आणि बाज आमच्या हातांतून सुटून खाली आदळली.

“बघ,” वडील धापा टाकत म्हणाले, “वळताना पुढच्याला लांबून जावं लागतं, मागच्याला जवळून. तू चारी चाकं एकत्र बांधून सारखीच फिरवतेस. चिखलात चाक घसरतं, ताण निघून जातो. डांबरावर घसरायला जागाच नाही. मग तो ताण जाणार कुठे? आत. गिअरमध्ये.”

सिस्टर बाजेवर बसली होती. आमच्या हसण्यात ती सामील नव्हती. “मला शिकवतोस होय?” ती हळूच म्हणाली. “डोंगरातून बाजेवर पेशंट आणलेत मी. वळणावर बाहेरचा माणूस पळतो आणि आतला उभा राहतो, हे मला माहीत आहे.”

“मग?”

“समजलं मला. पण राहू दे.”

वडिलांनी हात टेकले. ‘समजलं पण राहू दे’ याला त्यांच्या शास्त्रात उत्तर नव्हतं.

उत्तर मला मिळालं, तेही न विचारता. मी तेव्हा धुळ्यात नोकरीला लागले होते आणि सुट्टीला जोडून सिस्टरकडे जायचे. एकदा ती मला न्यायला आली. नेर गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं, भर दुपारचं लख्ख ऊन, रस्ता पापडासारखा कोरडा. मी सहज त्या दांड्यावर हात ठेवला. तिने माझा हात उचलून माझ्या मांडीवर परत ठेवला, लहान मुलीचा ठेवावा तसा. मग रस्त्याकडे बघत बोलायला लागली.

“सोमी नावाची पोर होती. पहिलटकरीण. मूल आडवं. मी आणि जमनाबायने तिला जीपमध्ये घातलं. जुनी जीप होती, पण फोर-व्हील होती हो, तीही. नाल्यात अडकली. ड्रायव्हर म्हणाला, घाबरू नका, चारवर टाकतो. आणि दांडा हलेना. कित्येक वर्षांत कुणी हात लावला नव्हता त्याला. गंजून बसला होता. त्याने लाथा मारल्या, दगड मारला. मी मारला.”

मी त्या आखूड दांड्याकडे बघितलं.

“मूल झालं तिथेच, सीटवर. रडलं. आई गेली.” तिने एक ट्रक पुढे जाऊ दिला. “ते मूल आता बापासारखं उंच झालंय. सुरतेला असतो कामाला. दिवाळीला येतो, पाया पडतो. मला त्याच्याकडे नीट बघता येत नाही.”

पुढच्या वळणावर गाडीने नेहमीसारखे गचके दिले. त्या दिवसापासून मला ते गचके वेगळे ऐकू यायला लागले. तिचा दांड्यावर विश्वासच नव्हता. वेळ आली आणि तो हलला नाही तर? त्यापेक्षा तो कधी हलवायलाच लागू नये, अशी तिने सोय करून ठेवली होती.

त्या गाडीने तिने डोंगरातली किती माणसं खाली आणली याचा हिशोब कुणाकडे नाही. सरकारी गाडी असायची, पण ती दुसरीकडे गेलेली असली की पाड्यावरून फोन सिस्टरलाच. ती निवृत्त झाली आहे हे तिथे कुणी मनावर घेतलंच नव्हतं, आणि तिनेही नाही.

एका वर्षी श्रावणात मी तिच्याकडे होते. आठवडाभर झड लागली होती, त्या सकाळी मात्र उघडलं. आम्ही चहा घेत होतो तोच जमनाबायच्या मुलाचा फोन आला. “सिस्टर, मायले दम लागी ऱ्हायना. बोलता येत नही तिले.”

खुंटीवरची पिशवी, चपला, किल्ली. आम्ही निघालो. घाटाखालचा डांबरी रस्ता वाऱ्याने वाळून गेला होता. सिस्टर नेहमीपेक्षा जोरात चालवत होती. एका अवघड वळणावर गाडीने गचका दिला, दुसरा दिला, आणि तिसऱ्याला खालून असा आवाज आला की मला वाटलं आपण दगडावर चढलो. गाडी थांबली. सिस्टरने पुन्हा सुरू केली तर खाली दातावर दात घासल्यासारखी करकर.

तिने सलीम मिस्तरींना फोन लावला. मिस्तरींनी आवाज कसा येतो ते ऐकून घेतलं. त्यांनी ‘मी म्हणत होतो’ असं काहीही म्हटलं नाही. “पुढच्या चाकांचं गेलं, सिस्टर. दांडा दोनवर घ्या. मागच्या चाकांवर चालेल गाडी. पण चिखलात घालू नका.”

“दांडा निघत नाही,” सिस्टर म्हणाली. तिने दोन्ही हातांनी तो धरला होता. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती त्या गाडीत नव्हती, त्या जुन्या जीपमध्ये होती.

“ताण पडलाय त्याच्यावर. थोडी रिव्हर्स घ्या आणि मग ओढा. जोर लावू नका.”

तिने गाडी हातभर मागे घेतली. दांडा हलक्या हाताने ओढला. तो लोण्यातून सुरी यावी तसा आला.

ती दांड्याकडे बघतच राहिली. मग गाडी पुढे काढली. वळणं आली आणि गेली. डांबर संपलं तिथे ती थांबली. पुढे पाड्यापर्यंतचा कच्चा रस्ता सगळा रेंदा झाला होता, मधे बैलगाडीच्या चाकोऱ्यांत पाणी साचलेलं. सिस्टरने इंजिन बंद केलं.

“ज्या दिवसासाठी घेतली तो दिवस आला,” ती म्हणाली, “आणि मी ती आधीच वापरून टाकली.”

मला वाटलं ती रडेल. ती उतरली, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि जमनाबायच्या मुलाला फोन लावला. “बाज काढा. चार तगडी माणसं घ्या. आईला झोपवू नका, पाठीला गाठोडं लावून बसती ठेवा. मी समोरून येते.” मग मला म्हणाली, “तू इथेच थांब. गाडी वळवून ठेव, तोंड पिंपळनेरकडे.” आणि पिशवी खांद्याला लावून ती चिखलात शिरली. साठी ओलांडलेली बाई, एकेक पाऊल उपसून काढत चालली होती. तिनेच मला गाडी शिकवली होती. मी ती वळवली, तेव्हा गाडी अजिबात अडखळली नाही, हे माझ्या लक्षात आलं आणि मला फार वाईट वाटलं.

टेकाडावरून बाज दिसायला लागली तेव्हा आधी मला सिस्टरचा आवाज ऐकू आला. एका हातात जमनाबायचं मनगट, आणि दुसरा हात वर करून ती ओरडत होती, “बाहेरचा, चाल पटपट! आतला, थांब! थांब म्हणते ना!” बाज वळण घेत होती. चौघे चार चालींनी चालत होते, आणि मधे जमनाबाय गाठोड्याला टेकून बसली होती.

आम्ही तिला मागच्या सीटवर घेतलं. सिस्टरने मला गाडी चालवायला सांगितली आणि स्वतः मागे बसली, जमनाबायची पाठ छातीशी धरून. सगळा रस्ता ती एकच सांगत होती, “श्वास सोड. घ्यायचं नंतर बघू. आधी सोड.” पिंपळनेरच्या चौकात मी वळले. तेव्हा मागून, श्वासाश्वासात तुटलेला, जमनाबायचा आवाज आला. “आज... गाडी... हालनी नही, सिस्टर.”

आरशात मला सिस्टर दिसली. ती हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. तिने पुसले नाहीत, कारण तिचे दोन्ही हात गुंतलेले होते.

जमनाबाय वाचली. ऑक्सिजनची नळी लावून पिंपळनेरहून तिला धुळ्याला नेलं, आठवड्याने घरी आली, आणि सिस्टरच्या गाडीपेक्षा बाज बरी असं पाड्यावर सांगत सुटली. गाडी सलीम मिस्तरींनी दुरुस्त केली. त्यानंतर सिस्टर डांबरावर दोनवर चालवायला लागली. डांबर संपलं की थांबायची, मोठ्याने म्हणायची, “आता चार,” आणि दांडा पुढे ढकलायची. परत डांबर लागलं की, “आता दोन.” दांडा गंजू नये म्हणून पावसाळा नसताना पांझरा नदीच्या वाळूत गाडी फिरवून आणायची. त्या फेरीला ती मला बोलवायची. वाळूत चारी चाकं भुरभुर फिरायची आणि ती पोरीसारखी खुश व्हायची.

तिच्यात आणखीही काहीतरी बदललं. दुपारी तिला झोप लागायला लागली. दिवाळीला सुरतेहून तो उंच मुलगा आला, तेव्हा तिने त्याला पाया पडू दिलं नाही. समोर बसवून जेवायला वाढलं, आणि तो जेवेस्तोवर त्याच्याकडे बघत राहिली. “कपाळ आईचंच शे तुनं,” असं ती त्याला म्हणाली. त्याला आईचं कपाळ कसं होतं हे सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. तो ताटावरून उठलाच नाही किती वेळ.

दोन वर्षांपूर्वी थंडीत सिस्टर गेली. आजारी नव्हती. शेजारणीने सकाळी दूध घेताना हाक मारली, तिने ओ दिली नाही. मी तोवर जळगावला बदलून आले होते. पिंपळनेरला पोहोचेपर्यंत अंगणात माणूस मावत नव्हतं. आमचे नातेवाईक एका बाजूला पांढऱ्या कपड्यांत बुद्धवंदना म्हणत होते, आणि दुसऱ्या बाजूला डोंगरातली माणसं, ज्यांना ती वंदना येत नव्हती, नुसती हात जोडून उभी होती. जमनाबाय तिच्या पायाशी बसून होती. रडत नव्हती. सिस्टरच्या टाचांना भेगा होत्या, त्यांवर ती तेल चोळत होती, सावकाश, बाळंतिणीला चोळावं तसं.

निघताना तिने माझा हात धरला. “तू कव्हय येशी?” तिने विचारलं. मी लवकरच येईन म्हणाले.

वडील म्हणाले गाडी विकून टाकू. मी ती जळगावला आणली. इथे ती रस्त्यावर मावत नाही, सोसायटीत लावायला जागा नाही, आणि रोज ऑफिसला न्यायला ती अगदीच विचित्र दिसते. पण महिन्यातून एखाद्या रविवारी मी पहाटे निघते. पारोळ्याला आईवडिलांकडे चहा, मग धुळं, साक्री, पिंपळनेर, आणि वर. मी नर्स नाही. मला नाडी बघता येत नाही. मी औषधांच्या गोळ्या नेते, कुणाला दवाखान्यात यायचं असेल तर आणते आणि सोडते. गाडी चालवायला येते, एवढंच.

डांबर संपतं तिथून पाडा दिसत नाही, पण पाड्याला गाडी ऐकू येते. त्या इंजिनाचा आवाज तिथे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मी टेकाड चढून जाते तोवर माणसं घराबाहेर आलेली असतात. बाया हात पुसत येतात, म्हातारे बाजेवरून उठतात, जमनाबाय कपाळावर हात धरून बघते. सगळे काचेतून आत, ड्रायव्हरच्या जागेकडे बघतात.

आणि तिथे मी असते. लगेच सगळे हसतात, पुढे येतात, “ये माय, ये,” म्हणतात, पाणी आणतात. पण त्याच्या आधी एक क्षण असतो. त्यांना माहीत असतं, मलाही माहीत असतं, आणि तरी दर वेळी त्यांचे डोळे आधी तिलाच शोधतात. दार उघडून मी खाली उतरते तेव्हा माझीही नजर नकळत मागे वळते, आत कुणी राहिलं तर नाही ना, ते बघायला.